गाडी काढू की नको?

हातखंब्याच्या अलीकडच्या चढावर आनंदा वासकराच्या व्हॅनने आधी पांढरा धूर सोडला, मग काळा सोडला, आणि मग काहीच न सोडता ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सकाळचे पावणेआठ वाजले होते. मागे बांगड्याचे चार क्रेट, सुरमईचा एक, वर बर्फ, आणि शेजारच्या सीटवर आनंदाची बायको हिरा. पालीच्या बाजारात हिराची बसायची जागा ठरलेली होती आणि आठ वाजले की तिथली गिऱ्हाइकं तिची वाट बघत.

"झालं हिचं?" हिरा म्हणाली.

"होईल चालू. गरम झालीय वायच."

गरम झालीय हे आनंदाचं दीड वर्षाचं पालुपद होतं. गाडी उन्हाळ्यात गरम व्हायची, थंडीत गरम व्हायची, आणि भर आषाढात, चाकं पाण्यात असतानाही गरम व्हायची. हिराने पाच मिनिटं कळ काढली. मग ती खाली उतरली, पदर खोचला आणि मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला. टेम्पोत त्यांच्याच वाडीतली सोनूबाई होती. तीही पालीला मासळी घेऊन बसायची. दोघींनी मिळून पाचही क्रेट टेम्पोत चढवले. आनंदा नुसता "अगो थांब, अगो थांब" करत राहिला, तोवर टेम्पो वळणाआड गेलासुद्धा.

बंद गाडीजवळ माणूस उभा दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शहाणपण सुचतं. एकाने बॅटरी बघा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने पाणी घाला म्हणून सांगितलं. तिसरा मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाला, "विकून टाका हो काका, किती पिळणार तिला!" त्या तिसऱ्याला आनंदाने जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण ती देऊन त्याला बरं वाटलं, एवढं सांगायला हरकत नाही.

टोचन लावून गाडी नाचणे रस्त्याच्या रितेश मेस्त्रीच्या गॅरेजात आली. रितेशने पुढची सीट उचलून इंजिनात तोंड घातलं, बराच वेळ आतच ठेवलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"काका, इंजिन बसलं."

"बसलं तर उठव की."

"उठवतो. रिंग, पिस्टन, हेड, सगळं काम आलं. पण खालचा पत्रा बघितलात?" रितेशने गाडीखाली हात घालून बोट वर दाबलं. बोट आरपार येऊन आतल्या चटईला लागलं. "बारा वर्षं तुमच्याकडे खारं पाणी पितेय बिचारी. पासष्ट हजार धरा. आणि पुढच्या वर्षी गाडीला पंधरा भरतील, म्हणजे पासिंगचं लचांड वेगळं."

"केलं काम, तर किती चालेल?"

"तीन वर्षं. नशीब असेल तर चार."

"तू काय करशील माझ्या जागी?"

"मला नका विचारू, काका," रितेश हात पुसत म्हणाला. "माझं पोटच त्याच्यावर आहे."

मेस्त्री इतकं खरं बोलला की आनंदाची पंचाईत झाली. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

आता, पासष्ट हजारांनी आनंदाची झोप उडाली असं कुणी म्हणेल, तर ते तितकंसं खरं नाही. आनंदा बारा वर्षांपूर्वी बोटीवर तांडेल होता. पंचवीस खलाशी त्याच्या शब्दावर जाळं टाकत आणि ओढत. एका पहाटे जाळं ओढायच्या विंचवरचा दोर सुटला आणि त्याचा उजवा खांदा असा काही मोडला की तो पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. बोट सुटली. तेव्हा हिराने हातातल्या दोन पाटल्या मोडून ही दोन वर्षं वापरलेली व्हॅन घेतली आणि आनंदाला म्हणाली, "मी पाटी घेऊन एसटीने किती दिवस जाऊ? तुम्ही चालवा." त्या दिवसापासून आनंदाची सकाळ पुन्हा सकाळ झाली.

वाडीच्या तोंडाशी पिंपळाला एक कट्टा आहे. बोटीवरून उतरलेले पुरुष तिथे बसतात. सकाळी सातला येतात, बाराला जेवायला जातात, चारला परत येतात. त्यांना कुणी वाईट बोलत नाही, पण कुणी काही विचारतही नाही. बारा वर्षं आनंदा रोज सकाळी त्या कट्ट्यासमोरून हॉर्न वाजवत गेला होता. गाडी गेली तर आपणही त्या कट्ट्यावर जाणार, या एका विचाराने त्याची झोप उडाली होती. त्याला गाडी नको होती, पैसे नको होते. त्याला सकाळी निघायला एक कारण हवं होतं.

संध्याकाळी मुलगा घरी आला. निहार सव्वीस वर्षांचा, गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर. सगळी हकीकत ऐकून त्याला दुःख झालं नाही, उलट हुरूप आला.

"बाबा, हीच वेळ आहे. नवीन गाडी काढूया. सात सीटवाली. आमच्या हॉटेलचे टुरिस्ट मीच देतो तुम्हाला. आज पावस, उद्या वेळणेश्वर, परवा आणखी कुठे. एसी लावून बसायचं, स्टेअरिंग धरायचं. हप्ता त्यातूनच सुटतो."

"आणि मासळी?"

"नवीन गाडीत मासळी नाय हां बाबा! एकदा वास बसला की पुण्याची माणसं नाक धरून उतरतील." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "आणि आईने आता घरी बसावं. बावन्न वर्षांची झाली. किती दिवस क्रेट उचलणार?"

आई तिथेच विळीवर बसून मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. "भात वाढू काय?" एवढंच विचारलं. ती गप्प आहे म्हणजे तिला पटलंय, असं निहारला वाटलं. ती गप्प आहे म्हणजे तिला वाईट वाटलंय, असं आनंदाला वाटलं. माणूस गप्प बसला की दुसऱ्याला हवं ते वाटून घ्यायची सोय होते.

पैसा एकाच ठिकाणी होता. हिराच्या नावावर पतपेढीत एक लाख दहा हजार. त्यातून एक तर जुनीचं काम होणार होतं, नाहीतर नवीनचे सुरुवातीचे पैसे भरता येणार होते. जुनी केली तर हिराची मासळी चालू आणि आनंदाचं निघणंही चालू, पण तीन वर्षांपुरतं. नवीन घेतली तर आनंदाच्या हातात स्टेअरिंगचं चक्र, पण हिराचा तीस वर्षांचा धंदा बंद. आनंदा आठ दिवस हे डोक्यात फिरवत राहिला. बायकोचं मन मोडवेना आणि पोराला नाही म्हणवेना. तोवर हिरा सोनूबाईबरोबर टेम्पोने जात होती आणि दुपारी तीनला परत येत होती. सकाळी आनंदा चहा करून घ्यायचा आणि भांडायला कुणी नाही म्हणून रेडिओ लावायचा.

नवव्या दिवशी त्याने निहारला सांगितलं, "देवीला कौल लावूया."

निहारने कपाळाला हात लावला. "बाबा, गाडीचा कौल? तेल किती घालायचं तेही देवीला विचारणार काय?"

"तुझ्या आत्याचं लग्न कौलावर ठरलं. विहिरीची जागा कौलावर ठरली. गाडीने काय पाप केलं?"

वाडीची देवी म्हणजे काळ्या पाषाणाची बसकी मूर्ती. भागोजी गुरव पिढ्यान्‌पिढ्यांचा पुजारी. कौलाची रीत साधी आहे. गुरव ओल्या बोटाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवतो, ज्याचं काम त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. कधी दोन मिनिटांत पडते, कधी तास जातो. त्यात घासाघीस नसते.

"बोला," भागोजी म्हणाला. "काय विचारू? एकच विचारायचं. हो किंवा नाही असं उत्तर येईल असं विचारायचं."

आनंदाने तोंड उघडलं. उजवीकडे निहार उभा होता. डोळ्यांसमोर पाली बाजारात बसलेली हिरा होती. दुरुस्त करू काय, असं विचारलं तर पोराला आत्ताच कळेल आपला कल कुठे आहे. नवीन घेऊ काय, असं विचारलं आणि देवीने हो म्हटलं, तर हिराला काय तोंड दाखवायचं? जिभेवर आला तो शब्द त्याने बाहेर टाकला.

"विचार, गाडी काढू की नको."

भागोजीने डोळे मिटले. आनंदाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वाडीचं नाव घेऊन तो देवीशी बोलला, की तुझं लेकरू पेचात आहे, त्याने गाडी काढावी अशी तुझी मर्जी असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तोच उजवी पाकळी सुटून खाली आली. इतकी झटकन की भागोजीही चपापला.

"उजवी!" तो म्हणाला. "काढा गाडी. देवीला घाई आहे तुमच्यापेक्षा."

देवळाची पायरी उतरेपर्यंत निहारने मोबाईल कानाला लावला होता. "हां, काढायचीय. नक्की. घरचे तयार आहेत. पांढरी बघा, पांढरी." कोकणात काय आणि मुंबईत काय, शोरूममधून गाडी आणली की माणूस म्हणतो, मी गाडी काढली. निहारच्या दृष्टीने देवीने हप्त्यासकट मंजुरी दिली होती.

आनंदा लगबगीने रितेशच्या गॅरेजात गेला. त्याने कौलाची गोष्ट सांगताच रितेश खूश झाला. "अरे वा! म्हणजे काम काढायचं ना? देवी बरोबर बोलली. गाडी काढ म्हणजे गाडी रस्त्यावर काढ. ती आत्ता कुठे आहे? आत आहे. काढ म्हणजे बाहेर काढ." आणि त्याने पान्याला हात घातला. खरं सांगायचं तर आनंदाला हाच अर्थ हवा होता. तो ऐकून त्याला जरा हलकं वाटलं.

ते दहा मिनिटंही टिकलं नाही. घरी आला तर ओटीवर धाकू बसलेला. धाकू भंगाराचा धंदा करायचा. वाडीत बातमी कशी पसरते हे विचारायचं नसतं.

"आनंदादा, ऐकलं, देवीने सांगितलं गाडी काढून टाक म्हणून. मी म्हटलं, दुसऱ्याने नेण्यापेक्षा आपल्याच माणसाने न्यावी. अठरा देतो. रोख."

"काढून टाक असं नाय सांगितलं रे!"

"मग काय सांगितलं?"

"काढ असं सांगितलं."

"तेच ते," धाकू म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मग आनंदाचं डोकं फिरलं. एक शब्द, आणि तिघांनी तीन दिशांना ओढलेला. तो भर दुपारी भागोजीच्या घरी गेला. भागोजी जेवत होता.

"भागोजी, पुन्हा कौल लाव. नीट विचारूया."

"एका कामाला दोनदा कौल लागत नाही," भागोजी घास न थांबवता म्हणाला. "देवी काय शाळेतली बाई आहे, उत्तर पुन्हा समजावून द्यायला?"

"अरे पण काढ म्हणजे काय काढ?"

"ते तुम्ही सांगा. शब्द तुमचा होता. मी फक्त पोचवला. विचारलंत तेव्हा मनात काय होतं?"

मनात काय होतं ते आनंदाला पक्कं माहीत होतं. काहीही उत्तर आलं तरी आपल्याला हवं ते ऐकता यावं, म्हणून त्याने तोच शब्द निवडला होता. दुसरे ऐकतील हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. देवीला फसवायला गेलेला माणूस वाडीसमोर उघडा पडला होता आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

तीन वाजता हिरा आली. मागच्या दारी नळाखाली क्रेट धूत बसली. आनंदा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पाकळी, शोरूम, रितेश, धाकू, भागोजी. हिरा आधी ऐकत होती, मग तिला हसू फुटलं. इतकी हसली की ठसका लागला आणि हातातला ब्रश क्रेटमध्ये पडला.

"बरं झालं तिघांनाच विचारलंत," ती डोळे पुसत म्हणाली. "चौथा भेटला असता तर गाडीचं लग्न काढलं असतं."

"हसू नको गो. तूच सांग आता."

"टेम्पोवाला जाऊन-येऊन दोनशे घेतो," हिरा पुन्हा ब्रश चालवायला लागली. "आपल्या गाडीला पेट्रोल चारशेचं, वर महिन्याला रितेशचं काहीतरी. मला गाडी लागत नाही."

आनंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हे तुला कधी कळलं? या आठ दिवसांत?"

"टेम्पो सुरू झाला तेव्हाच. शिमग्याला दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं! मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही कट्ट्यावर जाऊन बसला असतात."

नळ चालूच होता. आनंदाने उगाच हात पुढे करून तो बंद केला. त्याची कानशिलं तापली होती. "म्हणजे," तो म्हणाला, "दोन वर्षं तू मला पोसलंस."

"पोसायला तुम्ही काय म्हैस आहात?" हिरा भडकली. "पोसत नव्हते. बरोबर नेत होते." मग तिचा आवाज खाली आला. "सकाळी गाडीत बसलं की पालीपर्यंत कुणाशी तरी बोलायला मिळतं. घरात कुठे वेळ असतो? मी सोनं घेत नाही, सिनेमाला जात नाही. रोजची दोनशे रुपयांची चैन होती माझी. करत होते."

तीस वर्षांच्या संसारात आनंदाला असं कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि ते नळाखाली, माशांच्या पाण्यात बसून ऐकावं लागेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं. त्याला रडू येतंय की राग, हेही त्याला धड समजलं नाही.

"पण पासष्ट हजार ही चैन नव्हे," हिरा म्हणाली. "तेवढे माझ्याकडे आहेत आणि मी ते देणार नाही. निहारलाही नाही. त्याला गाडी हवी तर त्याने त्याच्या पगारावर घ्यावी. आणि मी घरी बसणार नाही. बसशील काय म्हणून मला विचारलंय कुणी?"

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? पोराची गाडी चालवायची तर चालवा. कट्ट्यावर बसायचं तर बसा. टेम्पोत जागा आहे, पण मागे, क्रेटच्या बाजूला. आणि पालीला गेलात की पूर्वीसारखं गाडीत झोपायला मिळणार नाही. माझ्याजवळ बसून मासे साफ करून द्यावे लागतील. गिऱ्हाइकं हल्ली साफ केलेलेच मागतात. आम्हाला दोन हात कमी पडतात."

ही तिसरी गोष्ट तिने सहज सांगितली, पण ती सहज नव्हती. त्यांच्या खारवी वाडीत मासळी पकडायची पुरुषांनी आणि विकायची बायकांनी. बाजारात बायकांच्या रांगेत विळी पुढ्यात घेऊन बसलेला तांडेल कुणी बघितला नव्हता. आनंदा उठला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, हिरा गेल्यावर, तो कट्ट्यावर जाऊन बसला. बघावं तरी, म्हणून. तिथल्या म्हाताऱ्यांनी सरकून त्याला लगेच जागा दिली. एकाने पान पुढे केलं. "ये, ये," म्हणाले, जणू त्याचीच वाट बघत होते. ती जागा इतक्या झटकन मिळाली की आनंदाला धडकी भरली. नऊ वाजेपर्यंत तो बसला. बोटी कुणाच्या आल्या, बर्फ किती महागला, असं सगळं बोलणं झालं. त्याला मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी तो निहारबरोबर शोरूमला गेला. आईने पैसे नाकारल्यावर निहार स्वतःच्या नावावर कर्ज काढायला तयार झाला होता. पोराला हट्ट होता, तसा दमही होता. पांढरी गाडी चकचकीत उभी होती. आनंदा चक्राला हात लावून बसला. चक्र हलकं होतं, खांद्याला अजिबात त्रास झाला नसता. त्याने शेजारच्या सीटकडे बघितलं. तिच्यावर प्लॅस्टिक होतं.

"इथे कोण बसणार?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? गिऱ्हाईक," निहार म्हणाला.

आनंदा आणखी जरा वेळ बसला आणि खाली उतरला. "गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "तू घे. पण ड्रायव्हर दुसरा बघ." निहार तोंड उघडं टाकून बघत राहिला. पुढचे दोन दिवस तो बापाशी बोलला नाही, मग हॉटेलातल्याच एका ओळखीच्या ड्रायव्हरशी त्याचं जमलं आणि राग निवळला.

व्हॅन धाकूने नेली. घासाघीस करून वीस हजारांवर मिटलं. ते पैसे आनंदाने हिराच्या हातात दिले, तिने न मोजता डब्यात टाकले.

त्यानंतरच्या सोमवारी, जेट्टीवरचा लिलाव आटपून टेम्पो वाडीच्या तोंडाशी आला, तेव्हा आनंदा तिथे उभा होता. त्याच्या डाव्या खांद्यावर बर्फाची गोण होती. ड्रायव्हरने पुढचं दार उघडलं. "आनंदादा, पुढे बसा."

"नको," आनंदा म्हणाला आणि मागे चढला. कट्ट्यावरचे सगळे बघत होते. त्याने तिकडे बघायचं टाळलं. सोनूबाईने त्याला बघून तोंडाला पदर लावला. "अगो हिरा, हे काय नवीन पार्सल?" बाकीच्या दोघी-तिघी खिदळल्या. हिरा क्रेटवर जरा बाजूला सरकली, तिथे तो बसला. हातखंब्यापर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. हातखंब्यानंतर हिरा शेजारच्या वाडीतल्या एका लग्नाबद्दल सांगायला लागली आणि पाली येईपर्यंत थांबली नाही.

बाजारात हिराने आपल्या फळीजवळ एक गोणपाट अंथरलं, वर विळी ठेवली. आनंदा खाली बसला. समोरून शेकडो पाय जात-येत होते. गाडीत झोपून बारा वर्षं काढलेल्या माणसाला हा बाजार असा खालून कधी दिसला नव्हता. बाजूच्या रांगेतल्या बायका मुद्दाम वाकून बघून गेल्या. मान वर करायला त्याला धीर होत नव्हता. उठून जावं असं त्याला दोनदा वाटलं. जायला गाडीच नव्हती.

तेवढ्यात एक बाई त्याच्यासमोर थांबल्या. हिराचं नेहमीचं गिऱ्हाईक असावं, कारण त्या सरळ बांगड्यांकडे बोट करून म्हणाल्या, "कसे दिले?"

हिरा पलीकडे दुसऱ्या कुणाला सुटे पैसे देत होती. तिने ऐकलं, पण वळली नाही. आनंदाने आयुष्यभर बांगडा पकडला होता, जाळ्यातून उपसला होता, गाडीतून वाहिला होता. तो शंभराला किती जातो हे त्याला माहीत नव्हतं.

"शंभराला... तीन," तो म्हणाला.

"तीन?" बाईंनी भुवया उंचावल्या. "अहो, शनिवारी पाच दिले होते हिराबाईंनी! हे कोण बसवलंत, हिराबाई?"

आजूबाजूच्या दोन-चार जणी हसल्या. आनंदाचा हात विळीवरच राहिला. हिरा आता वळली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं.

"आमचे हे," ती म्हणाली. "नवीन आहेत. सांभाळून घ्या. पाचच घ्या."

"बरं, बरं," बाई म्हणाल्या. "साफ करून द्या हां. डोकी ठेवा."

आनंदाने क्रेटमधून पाच बांगडे उचलले, पहिला विळीवर धरला आणि कल्ले ओढले. वेळ लागत होता. बाई पिशवी हातात धरून थांबल्या.